मेकॅनिकलचे दिवस: तुमचे अनुभव लिहा

हडपसरकर
आज अप्पा बळवंत चौकात मुलीची पुस्तकं घ्यायला गेलो होतो. शेजारी एक मुलगा सेकंडहँड ड्राफ्टर (ड्रॉइंगच्या रेषा मारायचं साधन) उलटासुलटा करून बघत होता, आणि एफईचं, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं, वर्कशॉप डोळ्यांसमोर उभं राहिलं. फिटिंगचा जॉब. माइल्ड स्टीलचा तुकडा कानशीनं घासायचा, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडाकडे धरायचा. फट दिसली की परत व्हाइसमध्ये. वर्कशॉपचे मामा म्हणायचे, "पुढं जाताना दाब, मागं येताना उचल." हाताला फोड आले, पण सपाट म्हणजे काय ते तिथंच कळलं. आज कुणी ड्रॉइंगवर सहज फ्लॅटनेस (सपाटपणा) ०.०२ मिमी टाकलं की मी आधी विचारतो, करणार कसं? कुणाकुणाला काय आठवतंय? लिहा.

सबमिशनवाला
जीटी!! म्हणजे ग्लास ट्रेसिंग, दुसऱ्याची शीट काचेवर ठेवून छापायची. टेबलाची काच, खाली बल्ब, रात्रभर शीटा. होस्टेलवर वीज गेली की सगळ्या मजल्यांवरून एकच आरडाओरडा.

भोसरीची लेक
बाबा पिंपरीत टर्नर (लेथ चालवणारे) होते. मी मायक्रोमीटरचं लीस्ट काउंट (त्यावर मोजता येणारं सगळ्यात छोटं माप) ०.०१ मिमी पाठ करत बसले होते, तर त्यांनी हातात मायक्रोमीटरच दिला. म्हणाले, थिंबल (फिरणारी नळी) पिळू नकोस, टोकाचं रॅचेट फिरव, टिकटिक वाजली की थांब. वर्गात आम्ही मुली बोटांवर मोजण्याएवढ्या. स्मिथीत घण उचलला की "ताई राहू दे". मी नाही राहू दिलं. आता स्वतःचं छोटं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनांचं) शॉप आहे. बाबा रोज येऊन बसतात.

हडपसरकर
@भोसरीची लेक, बाबांना नमस्कार सांगा __/\__

चक की
नावावरून ओळखा :) लेथवर जॉब पकडतो तो चक, आणि तो आवळायची किल्ली म्हणजे चक की. चकमधून की काढल्याशिवाय स्टार्टरला हात लावायचा नाही. घरी मिक्सर लावतानाही आधी भांडं बघतो.

लातूरचा
मेटलर्जीच्या लॅबमध्ये ईएन८ चा (मध्यम कार्बनच्या पोलादाचा) तुकडा लालभडक तापवून पाण्यात टाकला. आधी कानस त्यावर मस्त चालत होती, नंतर नुसती घसरायला लागली! आयर्न-कार्बन डायग्रॅममधले ७२७ अंश (जिथं तापलेल्या पोलादाची आतली रचना बदलायला लागते) तोवर फक्त परीक्षेपुरते होते. पुढं हीट ट्रीटमेंटमध्येच नोकरी धरली, चाकणला. बाकी मेसची आमटी कुणाला आठवते?

सबमिशनवाला
आमटी नको, रविवारची फीस्ट आठव.

बोटक्लब
सीओईपीचं (कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पुणे) कुणी आहे का? १८५४ चं कॉलेज, तेव्हाचं नाव पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल. नावातच मेकॅनिकल!

रोलकेज
मी दुसऱ्या कॉलेजचा, पण बाहावाला (बाहा म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा). सगळ्या टीमना तेच ३०५ सीसीचं इंजिन, त्यामुळे खरी चढाओढ वजनाची. पाइप नॉच करून (दुसऱ्या पाइपवर बसेल असं टोक कापून), घासून, रूट गॅप (जोडातली फट) बघून वेल्ड. पिथमपूरला आमची गाडी पूर्ण वेळ पळाली तेव्हा अख्खी टीम रडली. त्यातले निम्मे आज हिंजवडीत आयटीत आहेत. वाईट वाटतं, कारण हात फार चांगले होते त्यांचे.

कर्वेनगरची मावशी
मी कॉमर्सची, मध्येच घुसतेय. भाचा एसई (दुसऱ्या वर्षाच्या) मेकॅनिकलला आहे, कायनेमॅटिक्सच्या व्हेलॉसिटी डायग्रॅमनं (यंत्राच्या भागांचे वेग दाखवणाऱ्या आकृतीनं) रडकुंडीला आलाय. चांगला क्लास सुचवा ना.

भोसरीची लेक
मावशी, क्लास नको. रविवारी शॉपवर पाठवा. शेपर (पुढंमागं जाऊन धातू तासणारं मशीन) आहे बाबांचा जुना, त्याची क्विक रिटर्न लिंक उघडून दाखवते. क्रँक हातानं फिरवली की जाताना सावकाश आणि येताना झटकन का, ते दिसतं. मग स्केलनं काढायला बसू. व्यनित (खासगी निरोपात) पत्ता देते.

कर्वेनगरची मावशी
देव भलं करो गं तुझं. डबा पाठवू का बाबांना? पुरणपोळी चालते ना?

भोसरीची लेक
पळते! तूप वेगळं द्या, त्यांना वरून लागतं.