सुरत बंदर बुजवलं कुणी? तापीने की मुंबईने?

तापीकाठचा (प्रकाशा): परवा हजिऱ्याला गेलो होतो. ओहोटीला तापीच्या मुखाशी नुसता चिखल आणि वाळूचे दांडे. मला वाटतं सुरतेचं बंदर आपल्याच नदीने बुजवलं. खानदेशची काळी माती तिथे जाऊन साचली, मोठी जहाजं येईनात, व्यापार मुंबईला गेला.

नंदुरबारची: इतकं सोपं नाही, दादा. सुरतेच्या ऐन भरात दांडे होतेच की! मोठी जहाजं मुखाच्या उत्तरेला सुवाळीला नांगर टाकायची, तिथून माल मचव्यांनी नाहीतर बैलगाडीने शहरात. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो 1615 साली सुवाळीलाच उतरला आणि आमच्या नंदुरबारवरून बऱ्हाणपूरला गेला. 1612 च्या लढाईत तर पोर्तुगिजांची जहाजं याच वाळूत रुतली, इंग्रजांचं फावलं. 1687 मध्ये इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने मुख्य ठाणं मुंबईला नेलं, कारण ते बेट त्यांच्या ताब्यातलं होतं. सुरतेत मुघल अधिकाऱ्यांची मर्जी सांभाळा, शिवाय 1664 आणि 1670 ची लूट. गाळाचं नाव कशाला?

तापीकाठचा: आणि मुंबईचं खोल पाणी? ते विसरलात. मचव्यात माल उतरवा, भरतीची वाट बघा, हा खर्च कुणाच्या डोक्यावर? 1697 मध्ये मुंबईचा डेप्युटी गव्हर्नर राहिलेला जॉन वॉक्स बायकोसह याच नदीत होडी उलटून बुडाला. पुढे त्याची कबरच खलाशांची खूण झाली. बुडालेल्याच्या कबरीकडे बघून सुकाणू धरायचं! मुख किती वाईट असेल, बघा.

मु. पो. शिरपूर: भाऊ, तापीमायले कशाले दोष देतस? खंभातच्या आखाताची भरती-ओहोटी जबर, दांडे जागा बदलतात. आजचा नकाशा उद्या शिळा. म्हणून खूण लागते ती न हलणारी, काठावरची: कबर, मग दीपगृह. आणि खूण दिसली तरी रोज ते पाणी तुडवणारा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, हवाच. दुसरं म्हणजे, 1972 पासून आपली माती तापीवरच्या उकाई धरणात अडते. म्हणजे मुख मोकळं व्हायला हवं ना? पण मुखातला गाळ समुद्रात लोटायचे ते पूरही धरणात अडले. पूर कमी, की भरतीने आत आणलेला गाळ तिथेच बसतो.

नंदुरबारची: हेच तर म्हणतेय. नदीला आरोपी करून मोकळं होता येत नाही.

तापीकाठचा: उकाईचं मान्य. पण 1687 ला उकाई नव्हतं. मचव्याचं भाडं होतं.