मदत हवी आहे: दुकानात इंटरनेटवरचे फोन घेतले, बोलणं मधेच तुटतंय

हळदकांडी
नमस्कार. सांगलीत मार्केट यार्डात आमचं आडतीचं दुकान आहे, हळद आणि बेदाणा. तीन लँडलाइन होत्या, पावसाळ्यात निम्मा वेळ बंदच, म्हणून गेल्या महिन्यात इंटरनेटवरचे फोन घेतले. लावले तेव्हा झकास चालले. आता फोन लागतो, बोलणं सुरू होतं आणि तुटतं. सौदा चालू असताना शेतकऱ्याला भाव सांगायला घ्यावं तर फोन बंद, त्याला वाटतं आम्हीच ठेवला. कंपनीवाले म्हणतात आमच्याकडून सगळं ठीक आहे. नेट १०० एमबीपीएस स्पीडचं आहे. लवकर सांगा, महिनाअखेरीला जुन्या लाइनी सरेंडर करायच्यात.

तांब्याची_तार
फोन कुठले, टेबलावरचे आयपी फोन, मोबाईलमधलं अ‍ॅप, की जुन्या ईपीएबीएक्सलाच (ऑफिसातल्या आतल्या फोनांचं छोटं एक्स्चेंज) डबा जोडलाय? येणारे तुटतात की जाणारे? किती वेळानं? घड्याळ लावून पाच कॉल करा आणि सांगा.

कराडकर_नाना
कशाला हा व्याप? आमच्या खताच्या दुकानात दोन साधे मोबाईल आणि व्हॉट्सअ‍ॅप. पोरं फोटो पाठवतात, बिल पाठवतात, सगळं त्यातच.

हळदकांडी
नाना, मोबाईल नको. आमचा एक दिवाणजी सोडून गेला, नंबर त्याच्या नावावर, निम्मी गिऱ्हाइकं त्याच्यामागे गेली. दुकानाचा नंबर दुकानातच राहिला पाहिजे.

लेस्टरचा_पाहुणा
इकडे ब्रिटनमध्ये जानेवारी २०२७ पर्यंत जुनं टेलिफोन नेटवर्क बंद करायचं ठरलंय, सगळ्यांनाच इंटरनेटवर जावं लागतंय. लिफ्टमधला इमर्जन्सी फोन, चोरांचा अलार्म, म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यातलं मदतीचं बटण, हे सगळं जुन्या लाइनवर असतं, ते आधी तपासा.

तांब्याची_तार
आडत दुकानात लिफ्ट कुठली, त्यांचा प्रश्न वेगळा आहे.

वायरमन७७
पण तपासायची एक गोष्ट त्यांनाही लागू आहे की, लाइट. जुन्या तारेला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट यायचे, घरात अंधार असला तरी फोन वाजायचा. आता फायबरचा डबा, राउटर, फोन, तिन्हींना लाइट लागते. तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या. फक्त डबा घेऊन भागत नाही, मी तीच चूक केली होती.

हळदकांडी
टेबलावरचे चार फोन आहेत. पाच कॉल केले, येणारे तीन, जाणारे दोन. सगळे ३१-३२ सेकंदांत गेले. आणि हो, मागच्या आठवड्यात गोडाऊनला वायफाय पोचावं म्हणून नवीन राउटर बसवला, फोन आता त्यालाच जोडलेत.

तांब्याची_तार
मग सापडलं. फोन उचलला की उचलल्याचा निरोप जातो आणि त्याची पोच यावी लागते. पोच पोचली नाही तर तोच निरोप पुन्हा पुन्हा जातो आणि ३२ सेकंद झाले की कॉल सोडून दिला जातो. आवाज वेगळ्या वाटेनं जातो म्हणून तोवर बोलणं नीट चालतं. राउटरच्या सेटिंगमध्ये 'सिप एएलजी' असेल ते बंद करा. ते मदत करायच्या नादात निरोपातले पत्ते बदलतं, मग पोच भलतीकडे जाते. स्पीडचा काही संबंध नाही, एका कॉलला जास्तीत जास्त ९० केबीपीएस लागतात, तुमच्या नेटचा अगदी किरकोळ भाग.

एक्स्चेंजवाला
नुसतं एएलजी बंद करून भागेल असं नाही. कंपनीचा डबा एक राउटर आणि त्याच्यामागे हा दुसरा, असं झालं असणार. नवीन राउटर ब्रिजवर टाका, म्हणजे तो नुसतं नेट पुढे देईल, राउटरचं काम एकटा कंपनीचा डबा करेल. मी तर म्हणतो सरळ अ‍ॅस्टरिस्क टाका, कॉम्प्युटरवर चालणारं आपलं स्वतःचं टेलिफोन एक्स्चेंज, फुकट आहे, आमच्या हॉस्पिटलात आहे.

तांब्याची_तार
चार फोनांना अ‍ॅस्टरिस्क कशाला? त्याचं पोर्ट, म्हणजे नेटवरून आत यायचं दार, उघडं राहिलं, पासवर्ड साधा असला की रातोरात कुणीतरी परदेशी कॉल करून बिल फोडतं. आधी एएलजी बघू द्या.

मिरजेची_मावशी
भाऊ, जुनी लाइन सोडायची एवढी घाई करू नका. तुमचा ०२३३ चा नंबर पाटीवर, पट्ट्यांवर, शेतकऱ्यांच्या वह्यांत असणार. नंबर पोर्ट करणं मोबाईलला आहे, लँडलाइनचा नंबर एका कंपनीतून दुसरीकडे नेता येत नाही. सोडला की गेला. आम्ही क्लिनिकचा नंबर त्याच कंपनीच्या फायबरवर बदलून घेतला, तोच मिळाला. तिथं आधी विचारा.

हळदकांडी
हे कुणीच सांगितलं नव्हतं मावशी, २६ वर्षांचा नंबर आहे. अर्ज भरून ठेवलेला, थांबवला.

एएलजी बंद केलं. आत्ता तासगावच्या शेतकऱ्याशी अकरा मिनिटं बोललो, तुटला नाही. पण गोडाऊनचा फोन बराच वेळ नुसता पडून राहिला की येणारा कॉल वाजतच नाही. आपण तिथून एक फोन लावला की मग वाजायला लागतो.

तांब्याची_तार
त्या फोनमध्ये 'कीप अलाइव्ह' ३० सेकंदांवर टाका, म्हणजे तो पडून असला तरी मधून मधून निरोप पाठवत राहील. फोन गप्प बसला की राउटर त्याची वाट बंद करतो. आणि त्याचा मेक-मॉडेल टाका इथं.

कराडकर_नाना
राजापुरी हळदीला आज काय भाव निघाला?