साउंडबॉम्बिंग टू : तुमच्या हाती कसा लागला?

न्यूयॉर्कच्या रॉकस रेकॉर्ड्सने १९९९ साली काढलेला हा रॅपसंग्रह. मॉस डेफ, कॉमन, फॅरो मोंच, कंपनी फ्लो, सगळी मंडळी एका सीडीवर. शिवाय बीट जंकीजच्या जे-रॉक आणि बाबू या डीजेंनी गाणी एकात एक मिसळलेली. आपल्यात ऐकणारे चारच असतील, पण असतील. लिहा. सुरुवात मी करतो.

२००१, पुणे, हॉस्टेल. रूमपार्टनरने कुठूनशी राइट करून आणलेली सीडी, वर मार्करने 'साउंड बॉम्ब २'. प्रत्येक गाण्यानंतर दोन सेकंद शांतता. नवा ठेका जुन्याच्या खालून वर येतोय म्हणेपर्यंत कचकन तुटायचा. मला वाटायचं, अंडरग्राउंड रॅप (मोठ्या कंपन्यांबाहेरचं) म्हणजे असंच असणार! उलट त्या तुटकपणाचं मित्रांपुढे कौतुकही करायचो. पुढे नोकरी लागल्यावर अस्सल सीडी ऐकली तेव्हा उजेड पडला. राइट करणाऱ्याने सॉफ्टवेअरमधली गॅप काढलीच नव्हती. पण आता सलग ऐकताना मीच अडखळतो. 'बी-बॉय डॉक्युमेंट ९९' संपलं की कान दोन सेकंद थांबतात.

*

एडिसन, न्यू जर्सी. वायटूकेच्या, म्हणजे २००० साली संगणक तारखा चुकवतील या भीतीच्या, लाटेत इकडे आलेल्यांपैकी मी एक. दिवसभर कोबॉल भाषेतले जुने प्रोग्रॅम उघडायचे आणि दोन आकडी साल चार आकडी करायचं. ऑफिसातला एक सहकारी शनिवारी मॅनहॅटनला फॅट बीट्स या रेकॉर्डच्या दुकानात घेऊन गेला. सिक्स्थ अ‍ॅव्हेन्यूवर, जिना चढून वर. मी रेकॉर्ड्स चाळत होतो, कळत काहीच नव्हतं. त्याने ही सीडी हातात दिली. परतीच्या ट्रेनमध्ये कॉमन आणि सॅडॅट एक्सचं '१-९-९-९' लागलं आणि मी एकटाच हसत सुटलो. ज्या आकड्यांवर माझं पोट, त्यांचंच गाणं! २०१० मध्ये ते दुकान बंद झालं. तोवर माझी मुलं मला रॅप शिकवायला लागली होती.

*

डोंबिवली. दादाने मित्राच्या सीडीवरून कॅसेट भरून घेतली होती. आईला नुसती 'कटकट' ऐकू यायची. मला आवडायचं 'केऑस'. टालिब क्वेली आणि हाय-टेक म्हणजे रिफ्लेक्शन इटर्नल ही जोडी, आणि सोबत फिलाडेल्फियाची बहामादिया. बाकीचे घसा ताणतायत आणि ही आपली खालच्या पट्टीत, शेजारी बसून सांगितल्यासारखी. शब्द निम्मे डोक्यावरून जायचे. तरी ८:१२ च्या लोकलमध्ये, दाराशी चेंगरून उभी असताना, तो आवाज कानात असला की धक्काबुक्कीतही माझं डोकं ठिकाणावर राहायचं.

*

थोडं विरजण घालतो. सगळं सोनं नाही त्यात. एमिनेमचं 'एनी मॅन' मी आजही पुढे ढकलतो, आणि बायकांबद्दलच्या काही ओळी मुलीसमोर लावायची हिंमत होत नाही. पण कंपनी फ्लोच्या 'पेट्रियटिझम'ला तोड नाही. अमेरिकाच 'मी' म्हणून बोलते आणि स्वतःची लक्तरं वेशीवर टांगते. त्या गटातला एल-पी पुढे रन द ज्युएल्स या जोडीत गाजला. गंमत अशी, की या बंडखोर रॉकसमागे पैसा जेम्स मर्डॉकचा, म्हणजे तेव्हा स्टार टीव्ही ज्याच्या मालकीचा होता त्या रूपर्ट मर्डॉकच्या मुलाचा. म्हणजे आमच्या घरात आई-बाबा हॉलमध्ये स्टार प्लसवर करोडपती बघतायत, मी आत हेडफोन लावून भांडवलशाहीला शिव्या ऐकतोय, आणि दोन्हीकडे घराणं एकच!

*

धागाकर्ता : मर्डॉकचं माहीत नव्हतं, जेवताना ठसका लागला. डोंबिवलीकर ताई, ती कॅसेट आहे का अजून?

*

आहे की. पण 'केऑस'च्या मधोमध दादाने चुकून रेकॉर्डचं बटण दाबलंय. बहामादिया बोलता बोलता थांबते आणि आई विचारते, "पोळ्या किती टाकू?"