मदत हवी आहे : विंडोज १० मधील ऑडिओ सर्व्हिस आपोआप सुरू होत नाही (स्क्रीन रीडर वापरणाऱ्या विद्यार्थ्यासाठी)

नमस्कार.

माझा पुतण्या जन्मापासून दृष्टिहीन असून दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी राहूनच तो बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा अभ्यास करतो. संगणकावरचे त्याचे सर्व काम एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, आधारे चालते. त्यातील ईस्पीक या बोलत्या यंत्रणेच्या मराठी आवाजात तो धडे ऐकतो, टिपणे स्वतः टंकतो आणि महाविद्यालयाकडून आलेले ई-मेलही स्वतःच वाचून उत्तरे पाठवतो. आवाज गेला की त्याच्यापुरता संगणक बंदच असतो, आणि घरातील कोणी शेतातून परत येईपर्यंत त्याला नुसते बसून राहावे लागते. परीक्षा जवळ आली असल्याने ही अडचण सविस्तर मांडत आहे.

संगणक सुरू झाल्यावर घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावर लाल फुली दिसते आणि त्यावर माउस नेल्यास ऑडिओ सर्व्हिस (आवाजासाठी विंडोजमध्ये पडद्याआड चालणारा प्रोग्रॅम) चालू नसल्याचा संदेश येतो. हे दररोज होत नाही. मात्र लाइन जाऊन संगणक एकाएकी बंद पडला असेल, तर पुढच्या वेळी हमखास होते. यूपीएसची बॅटरी आता दोन मिनिटेही धरत नाही आणि आमच्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नसतो.

संगणक जुना, जुळवून घेतलेला आहे : चौथ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क, आणि साउंड मदरबोर्डवरचाच, रिअलटेकचा. विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती आहे. तिला मिळणारे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, हे ठाऊक आहे. पण या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नसल्याने तो मार्ग सध्या तरी बंद आहे.

दोष स्पीकरचा नाही, याची खात्री करून घेतली आहे. तक्रार आली असताना यूएसबी हेडफोन लावून पाहिला, तोही मुकाच राहिला. पेनड्राइव्हवरून उबुंटू ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम थेट चालवली, तेव्हा त्याच स्पीकरमधून स्वच्छ आवाज आला. तालुक्याच्या गावी एका दुरुस्तीवाल्यांनी साउंडचा ड्रायव्हर काढून नव्याने घातला, त्यानेही फरक पडला नाही. विंडोजच्या फाइली तपासणारी एसएफसी स्कॅननाऊ ही आज्ञा पूर्ण चालवली असता एकही खराब फाइल आढळली नाही.

सर्व्हिसेसच्या यादीत पाहिल्यास 'विंडोज ऑडिओ' आणि 'विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर' या दोन्हींपुढे स्टार्टअप टाइप 'ऑटोमॅटिक' असाच आहे, पण दोन्ही बंद असतात. इव्हेंट व्ह्यूअरमधील (विंडोजमधील घडामोडींची नोंदवही) सिस्टिमच्या नोंदींत खरा धागा सापडला असे मला वाटते. तिथे एंडपॉइंट बिल्डरच्या नावाने आधी ७००९ क्रमांकाची नोंद दिसते, जिचा आशय असा की ३०००० मिलिसेकंद वाट पाहूनही ही सर्व्हिस जोडली गेली नाही. तिच्या मागोमाग ७००१ ची नोंद असते : विंडोज ऑडिओ ज्या सर्व्हिसवर अवलंबून आहे तीच सुरू न झाल्याने तीही सुरू झाली नाही. म्हणजे पहिली तीस सेकंदांत उठत नाही आणि दुसरी तिच्यापायी अडते. चार-पाच मिनिटांनी, हार्ड डिस्कचा दिवा सतत लुकलुकणे थांबल्यावर, विंडोज ऑडिओवर जाऊन 'स्टार्ट' म्हटले की दोन्ही सर्व्हिस विनातक्रार सुरू होतात आणि नंतर दिवसभर आवाज टिकतो.

आता फास्ट स्टार्टअप, म्हणजे संगणक लवकर सुरू होण्याची विंडोजमधील सोय, तिच्याविषयी. बहुतेक ठिकाणी ते बंद करण्याचा सल्ला मिळतो, म्हणून आम्हीही बंद केले. परंतु त्यानंतर तक्रार कमी न होता वाढली. विचार केल्यावर त्याचे कारण मला असे दिसते की, फास्ट स्टार्टअप चालू असताना शटडाउन करतेवेळी विंडोज आपल्या गाभ्याची आणि सर्व्हिसेसची स्थिती डिस्कवर जपून ठेवते व पुढच्या वेळी तीच उचलते, त्यामुळे आदल्या दिवशी चालू असलेली ऑडिओ सर्व्हिस तशीच चालू मिळते. लाइन गेल्यावर, रीस्टार्ट केल्यावर किंवा फास्ट स्टार्टअप बंद असल्यावर मात्र प्रत्येक सर्व्हिस नव्याने उठवावी लागते आणि त्या गर्दीत ही संथ डिस्क मागे पडते. म्हणूनच 'एकदा रीस्टार्ट करून पाहा' हा उपाय आमच्या बाबतीत उलटा पडतो. फास्ट स्टार्टअप पुन्हा चालू केले आहे. लाइन जाण्यापुढे मात्र त्याचा इलाज चालत नाही.

सर्व्हिसच्या 'रिकव्हरी' या भागात तिन्ही वेळांसाठी 'रीस्टार्ट द सर्व्हिस' निवडून ठेवले होते. त्याचा उपयोग झाला नाही, कारण ती सोय चालू सर्व्हिस मध्येच कोसळली तर कामी येते. मुळात सुरूच न झालेल्या सर्व्हिसला ती हात लावत नाही.

माझ्या मनात दोन उपाय आहेत आणि जाणकारांचे मत मला त्यांवरच हवे आहे. पहिला उपाय रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगांच्या साठ्यातील, आहे. सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल या ठिकाणी 'सर्व्हिसेसपाइपटाइमआउट' ही नोंद करून सर्व्हिस सुरू होण्याची वाट पाहण्याची मुदत ६०००० मिलिसेकंद करता येते. ही मुदत सगळ्याच सर्व्हिसेसना लागू होते, त्यामुळे संगणक सुरू होण्यास आणखी वेळ लागेल का, किंवा एखादी खरोखर बिघडलेली सर्व्हिस सर्वांना अडवून धरील का, याची मला धास्ती आहे. दुसरा उपाय टास्क शेड्यूलरचा (ठरलेल्या वेळी कामे आपोआप करणारी विंडोजची सोय) : संगणक सुरू झाल्यावर काही मिनिटांनी 'सिस्टिम' या खात्याच्या अधिकाराने 'नेट स्टार्ट ऑडिओएसआरव्ही' ही विंडोज ऑडिओ सुरू करणारी आज्ञा आपोआप चालवायची. विंडोज ऑडिओ जिच्यावर अवलंबून आहे ती सर्व्हिसही त्यासोबत उठते आणि परवानगीची खिडकीही समोर येत नाही. त्या न दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या खिडकीपाशीच पुतण्या आज अडतो. मला हा उपाय अधिक सुरक्षित वाटतो. एकच उणीव राहते. एनव्हीडीए तोवर आवाजाविना सुरू झालेला असतो आणि कंट्रोल, ऑल्ट व एन ही बटणे एकत्र दाबून तो नव्याने सुरू केल्याशिवाय बोलत नाही. सर्व्हिस उठल्याचा काही ध्वनी त्याच टास्कमधून वाजवता येईल का, जेणेकरून ही बटणे केव्हा दाबायची ते पुतण्याला कळेल?

कापूस विकल्यावर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (अधिक वेगवान डिस्क) बसवण्याचाही विचार आहे. मात्र तीस सेकंदांची मुदत चुकण्यामागे डिस्कच आहे, असे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनी कृपया सांगावे, म्हणजे तो खर्च वाया जाणार नाही. विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला शक्यतो शेवटचा ठेवावा. इथे नेटवर्क गच्चीवरच मिळते आणि एवढी मोठी फाइल उतरवणे कठीण आहे.

उत्तर देताना पायऱ्या माउसऐवजी कीबोर्डने करता येतील अशा लिहिल्यास फार बरे होईल, कारण हे टास्क पुतण्या स्वतः तयार करणार आहे.