मदत हवी आहे: ऐकू कमी येणाऱ्या मुलासाठी फुटबॉल कोचिंग (डिचोली/साखळी)

नमस्कार मंडळी, आमचा भाचा ९ वर्षांचा, त्याला ऐकू कमी येतं पण फुटबॉलचं वेड भारी, कापणी झाली की शेतातच पोरांसोबत अनवाणी खेळतो. परवा शिट्टी वाजली, सगळे थांबले आणि हा एकटाच बॉल घेऊन गोल मारून नाचत आला, पोरं हसली, त्यालाही हसू आलं पण घरी येऊन जेवला नाही.

एका कोचिंगवाल्याने सरळ सांगितलं की असल्या मुलांना घेत नाही. अहो, कर्णबधिरांच्या मॅचमध्ये रेफ्री झेंडा दाखवतात, एवढं साधं आहे! डब्ल्यूएचओ म्हणते ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी हालचाल करावी, त्यात दिव्यांग मुलंही आली, मग यानं काय खिडकीत बसून बघायचं? २०२३ ला नॅशनल गेम्स आपल्या गोव्यात झाले म्हणून आपण मिरवलो पण गावात ही तऱ्हा.

तर डिचोली, साखळी किंवा म्हापसा साइडला असा कोच कोणाला माहीत आहे का, फी परवडणारी आणि संध्याकाळी परतीची बस मिळेल असं? आणि खेळताना हिअरिंग एड काढून ठेवायचं की पट्टा लावून चालतं? अनुभव असेल त्यांनी सांगा प्लीज.