स्वतःच भरलेल्या प्रश्नावलीवरून सायकोपॅथी (दुसऱ्याबद्दल कणव नसणं, फसवेगिरी, बेबंद वागणं असा स्वभाव) कळते का?

(तिघांची चर्चा; बोलणाऱ्यांना सोलापुरातल्या भागांची नावं दिली आहेत.)

सात रस्ता: सोलापुरातल्या एका कॉलेजात एम.ए.च्या मुलांनी सायकोपॅथी मोजणारी लेव्हनसन यांची प्रश्नावली वाटली. १९९५ची, २६ विधानांची. समोरच्याला फसवणं हाच ज्याचा स्वभाव, तो कागदावर खरं कशाला लिहील? मानसशास्त्रज्ञ हेअर यांच्या पीसीएल-आर या सायकोपॅथीच्या चाचणीत तज्ज्ञ मुलाखत घेतो, जुनी फाइल तपासतो आणि मग २० मुद्द्यांवर ४० पैकी गुण देतो. इथे पडताळणारं कोणीच नाही.

होटगी रोड: हा आक्षेप तपासून झालाय. रे आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले. ज्यांचे सायकोपॅथीचे गुण जास्त, त्यांच्यात स्वतःला सोज्वळ दाखवण्याची ओढ उलट कमी निघाली. ज्याला लाजच नाही, तो निनावी फॉर्मवर लपवेल कशासाठी?

सात रस्ता: पण जो सफाईने खोटं लिहितो त्याचे गुण कमीच पडणार ना! मग तो तुमच्या ‘जास्त गुण’वाल्यांत सापडणार कसा?

होटगी रोड: हा मुद्दा मान्य. विद्यार्थ्यांना मुद्दाम ‘स्वतःला चांगलं दाखवा’ असं सांगितलं की गुण खाली येतात, हेही प्रयोगात दिसलंय. म्हणून नोकरी, जामीन अशा ठिकाणी हा फॉर्म अजिबात नको. निनावी संशोधनाची गोष्ट वेगळी.

विडी घरकुल: तुम्ही दोघं खोटेपणावरच अडलात. मला भीती खरं लिहिणाऱ्यांची वाटते. आमच्या वडिलांनी कर्ज काढून चार यंत्रमाग टाकले, तेही मंदीत. धोका पत्करण्याबद्दल विचारलं तर ते बेधडक ‘हो’ म्हणतील. तो बेजबाबदारपणा धरायचा का? मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक यांच्या सायकोपॅथीच्या मांडणीत आणि तिच्यावरच्या प्रश्नावलीत धीटपणा, क्रूरपणा आणि बेबंदपणा असे तीन भाग आहेत. त्यातला धीटपणा सायकोपॅथीत धरावा की नाही, यावर तज्ज्ञांचंच एकमत नाही. लेव्हनसनच्या प्रश्नावलीत तर तो जेमतेम येतो. म्हणजे नाव एकच, पण दोन प्रश्नावल्या मोजतात वेगवेगळं.

होटगी रोड: म्हणून तर विश्वासार्हता (उत्तरं टिकतात का) आणि वैधता (हवं तेच मोजलं जातं का) तपासायची. महिन्याभराने तोच फॉर्म पुन्हा भरून घ्या, होस्टेलच्या रूममेटलाही त्याच्याबद्दल विचारा, उत्तरं जुळतात का बघा.

सात रस्ता: रूममेटला विचारा, पण आधी त्या मुलाची लेखी संमती घ्या. आणि वर्गाची सरासरी नोटीस बोर्डावर लावली आहे, ती आजच काढा. पोरं एकमेकांकडे बोट दाखवून ‘हाच तो’ म्हणायला लागलीत.