मदत हवी आहे: इंग्रजीत सूर उतरवताना मी तुटक का वाटते?

नमस्कार मंडळी. मी पुण्यात नर्सिंग शिकले, गेल्या वर्षापासून इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलात आहे. शब्द, व्याकरण जमतं. अडतं ते सुरात. परवा वॉर्डमधल्या सीनियर सिस्टरने बाजूला घेऊन मायेनं सांगितलं, "तुझं थँक यू ऐकून तू रागावली आहेस असं पेशंटना वाटतं." फार लागलं मनाला.

ऐकून ऐकून इतकं कळलंय की सूर उतरला म्हणजे तो तुटकच, असं नाही. वरच्या पट्टीतून खाली आला तर आपुलकी वाटते. खालूनच सुरू होऊन आणखी खाली गेला तर कोरडं, विषय संपवल्यासारखं. माझा नेमका दुसरा निघतो. 'इट्स कोल्ड, इझन्ट इट?' याचा शेवट उतरला तर नुसता दुजोरा हवा असतो, चढला तर खरंच विचारलेलं असतं. मराठीत यातलं बरंचसं काम 'ना', 'हं', 'बरं का' करतात, म्हणून माझा कान तयार झाला नसावा.

सगळ्यात अवघड 'व्हेअर डझ इट हर्ट?'. इथे सूर साधारणपणे 'हर्ट'वर उतरतो, पण माझ्या तोंडी ती उलटतपासणी वाटते. दुखणाऱ्या माणसाला असं विचारलेलं मला सहन होत नाही.

उताराची सुरुवात उंचावरून कशी करायची? घरी एकटीनं कसा सराव करू? परदेशात राहणाऱ्यांनी, इंग्रजी शिकवणाऱ्यांनी कृपया सांगा. रेकॉर्डिंग पाठवायचीही माझी तयारी आहे.